मनोहरभाऊनं फाडलेला आवाज

मनोहरभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी यवतमाळच्या दुकानात एका गिऱ्हाइकाला स्टॅबिलायझर कुठं लावायचा ते समजावून सांगत होतो. फोन दिग्रसहून, मंडपाच्या धंद्यातल्या एका ओळखीच्याचा. "मनोहरभाऊ गेले ना बाप्पा," तो म्हणाला. आणि मी मूर्खासारखं विचारलं, "कुठं गेले?" मग हळूहळू कळलं. तीन दिवस छातीत दुखत होतं, पण गॅस झाला म्हणून हा माणूस सोडा पीत बसला. चौथ्या दिवशी पायरीवरच कोसळला, आणि यवतमाळला आणता आणता दारव्ह्याच्या अलीकडेच सगळं आटोपलं. मी यवतमाळातच होतो हो! एक फोन केला असता तर पहिल्याच दिवशी गाडी घेऊन गेलो असतो, मानगूट धरून डॉक्टरकडे बसवलं असतं. पण मला फोन कोण करणार? अकरा वर्षांत आम्ही दोघं धड बोललोच नव्हतो.

त्याला सहा आठवडे झाले. आठवड्याभरानं पुण्यानुमोदन, म्हणजे श्रद्धांजलीची सभा, झाली, तेव्हा मंडपात बसलो होतो. दुसऱ्याच कुणाचा तरी माईक लावला होता आणि तो दर दोन वाक्यांनी शिट्टी मारत होता. मनोहरभाऊ असता तर उठून त्या पोट्ट्याच्या हातून माईकची मशीन काढून घेतली असती. लोक एकामागून एक उभे राहून सांगत होते, शांत स्वभाव, मनमिळाऊ, कुणाला कधी दुखावलं नाही. मी आतल्या आत चरफडत होतो. शांत? तो माणूस शांत नव्हता, अबोल होता, आणि त्या दोन्हींत फार फरक आहे. एकदा मनात काही घेतलं की दातखीळ बसायची त्याची. मलाही दोन शब्द बोलायला बोलावलं. मी उठलो, माईक हातात घेतला, "भाऊ माझ्यासाठी…" म्हणालो, तेवढ्यात परत शिट्टी झाली आणि मी खाली बसलो. जे सांगायचं होतं ते चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतंच. समोर मी त्याला कायम 'तुम्ही' म्हणायचो. इथं 'तो' म्हणतोय, कारण मला त्याचा राग आलेला आहे आणि राग काही 'तुम्ही' म्हणून काढता येत नाही.

मनोहरभाऊ माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. दिग्रसला एका जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्याच्या, मागच्या गल्लीत त्याचं दुकान आणि दुकानाच्या मागेच घर. लग्नाचे, जयंतीचे, सभांचे लाऊडस्पीकर भाड्यानं द्यायचे आणि उरलेल्या वेळात रेडिओ-टेप दुरुस्त करायचे, असा धंदा. धंदा वडिलांपासूनचा. वडिलांकडे व्हॉल्वच्या जुन्या मशीन होत्या. माईकवाले अॅम्प्लिफायरला मशीनच म्हणतात. लोखंडी डब्यावर काचेचे व्हॉल्व ओळीनं उभे, चालू केलं की मिनिटभरानं आतली तार लालसर व्हायची. चौदा एप्रिलला मैदानावर शेवटच्या रांगेत बसलेल्या म्हातारीलाही भाषणातला शब्द न् शब्द कळला पाहिजे, हे त्याच्या वडिलांचं व्रत होतं. तेच त्यांनी मुलाच्या हाडीमासी भिनवलं होतं. आवाज फाटला की संपलं. आवाज फाटणं ही मंडपवाल्याची बेअब्रू. आणि अशा माणसाकडे मी गेलो तो आवाज फाडून मागायला!

मी तेव्हा पुसदला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करत होतो आणि डोक्यात हेवी मेटल शिरलेलं होतं. वर्गातल्या एका नागपूरच्या मुलानं कॅसेट दिली आणि माझं वाटोळं झालं. केस वाढवले, उसनवारी करून इलेक्ट्रिक गिटार आणली. पण गिटार आणून भागत नाही. मेटलचा आवाज गिटारमधून येत नाही, तो येतो मशीनमधून, आणि तोही व्हॉल्वच्या. नागपूरच्या दुकानातले ट्रान्झिस्टरचे छोटे डबे मी वाजवून पाहिले होते. त्यांच्यातून पत्र्याच्या डब्यात माशा भरल्यासारखा आवाज यायचा. परदेशी मशीनची किंमत ऐकून तर हसूच आलं होतं. मग आठवण झाली मनोहरभाऊच्या दुकानातल्या माळ्यावरच्या त्या जुन्या मशीनची. कॅसेट घेऊन गेलो. त्यानं ती आपल्या सर्वात चांगल्या डेकमध्ये टाकली, मान खाली घालून, डोळे मिटून पूर्ण एक गाणं ऐकलं आणि गंभीरपणे विचारलं, "हे बिघडेल हाय का मुद्दाम केलं?"

"मुद्दाम केलंय भाऊ."

"काहून पण?"

मी पायानं ठेका धरून, हवेत हात मारून त्याला समजावत होतो. जाड तारेवर तळहात टेकवून वाजवलं की घट्ट 'ढप्प' यायला हवं, आणि हात उचलला की तोच आवाज गुरगुरत लांबला पाहिजे. आतून शोभावहिनी, म्हणजे त्याची बायको, डोकावून गेल्या. त्या तेव्हा समोरच्याच जिनिंगमध्ये कापूस निवडायला जायच्या, केसांत नेहमी कापसाचे तंतू असायचे. मी चांगला अर्धा तास बडबडलो. भाऊनं कॅसेट काढली, उलट करून परत घातली आणि म्हणाला, "ठेवून जा." मला वाटलं टाळतोय. पंधरा दिवसांनी गेलो तर वडिलांची एक मशीन माळ्यावरून खाली उतरलेली होती, तिचं पोट उघडं पडलं होतं आणि हा माणूस एक हात खिशात घालून दुसऱ्या हातानं आत काहीतरी चाचपत होता. व्हॉल्वच्या मशीनमध्ये चारशेच्या वर व्होल्ट असतात आणि बंद केल्यावरही ते कंडेन्सरमध्ये दबा धरून बसतात. दोन्ही हात आत घातले आणि झटका बसला तर तो छातीतून जातो. म्हणून एक हात खिशात, हा त्याच्या वडिलांचा नियम. छातीची एवढी काळजी घेणारा माणूस पुढे सोडा पीत बसला, याला काय म्हणावं!

ते वर्षभर आम्ही दोघं त्या मशीनपायी वेडे झालो होतो. मी शनिवारी पुसदहून यायचो, रविवार दिवसभर दुकानात. आधी शेवटच्या दोन मोठ्या व्हॉल्वची निवड. बंद पडलेल्या टॉकीजच्या मशीनमधले लावून पाहिले, त्यांचा आवाज गोल आणि गुळगुळीत, सिनेमासाठी ठीक. वडिलांच्या मशीनमधले मूळचे ईएल-चौतीस नंबरचे व्हॉल्व मात्र मध्येच गुरगुरायचे. भाऊला ते गुरगुरणं आजवर दोष वाटत आलं होतं. मी उडी मारली, म्हटलं हेच! तो बघतच राहिला. मग पुढच्या छोट्या व्हॉल्वची एक पायरी वाढवली, म्हणजे आवाज एकदा फाटतो तो पुन्हा एकदा फाटेल. तर आवाजाचा चिखल झाला, जाड तार वाजवली की नुसतं 'भसभस'. पुस्तकात मला कुठंच उत्तर सापडेना. ते सापडलं भाऊला, भोंग्यावरून. भोंग्यातून भाषण स्पष्ट येतं कारण त्यात खालचा जाड आवाज नसतोच. "आधी जाड आवाज कापाचा, मंग फाडाचा, मंग मांगून जाडी द्याची," तो म्हणाला. पुढचे कंडेन्सर बदलून अगदी लहान लावले आणि चिखल गेला. ज्या माणसाला आयुष्यभर आवाज स्वच्छ ठेवायचं वळण, त्यानं फाटलेला आवाज स्वच्छ करून दाखवला. मला आजही वाटतं, हे त्याच्याशिवाय कुणाला सुचलं नसतं.

स्टॅबिलायझरही त्यानंच काढून टाकला. आमच्याकडे तेव्हा टीव्ही असलेल्या प्रत्येक घरात स्टॅबिलायझर असायचा, दिवसभर आत 'कट-कट' करत बसायचा. तो 'कट' मशीनमधून मोठा होऊन स्पीकरवर आदळायचा. मग आम्ही मशीन थेट भिंतीतल्या बोर्डला जोडली. दुकानातला बल्ब हळदीसारखा पिवळा पेटायचा. कुणालाच त्यात काही वावगं वाटायचं नाही, आमच्या लहानपणापासून दिग्रसचे बल्ब तसेच पेटत आले होते.

डिसेंबरात एका रविवारी दुपारी तो आवाज लागला. समोर जिनिंग जोरात चालू होती, जमीन हादरत होती, दारात कापसाच्या गाड्यांची रांग. कापसाच्या पडलेल्या भावाच्या नावानं शेतकरी बोटं मोडत होते, पण कापूस येत होता. भाऊनं पेचकस बाजूला ठेवला, मला मान हलवून खूण केली. मी जाड तारेवर हात टेकवून वाजवलं. कॅसेटमधल्यापेक्षा चांगला आवाज होता तो, खरं सांगतो. दाट, फाटलेला, पण प्रत्येक तार वेगळी ऐकू येणारा, आणि बोट दाबलं की किंचित दबून परत वर येणारा. मी वाजवतच सुटलो. वहिनी जेवायच्या सुट्टीत घरी आल्या होत्या, त्या दारातून काहीतरी सांगत होत्या. मी हातानंच 'थांबा' केलं. हे माझं त्या काळातलं नेहमीचंच होतं. भाऊ स्टुलावर बसून ऐकत होता आणि त्याच्या तोंडावर मी पहिल्यांदाच लाज आणि अभिमान दोन्ही एकदम पाहिलं. म्हणाला, "बाबा असते तं मले हाकलून देलं असतं."

त्या हिवाळ्यात तीन गाणी रेकॉर्ड केली. ड्रमवर माझा पुसदचा मित्र, काँप्युटर त्याच्या मामाचा. जिनिंगची धडधड रेकॉर्डिंगमध्ये येऊ नये म्हणून दुकानाला गाद्या लावल्या होत्या. ती सीडी फिरत फिरत पुण्याच्या एका स्टुडिओवाल्याकडे गेली आणि त्याचा चक्क फोन आला. पोरं कच्ची आहात, म्हणाला, पण हा गिटारचा आवाज कुठला? कुठली मशीन? मी छाती फुगवून सांगितलं, दिग्रसची. तो म्हणाला, पुढच्या जानेवारीपर्यंत आठ गाणी बसवा आणि याच आवाजात मला एक नमुना पाठवा, आपण पूर्ण अल्बम करू. माझ्यासाठी ते काय होतं ते आता सांगून कळणार नाही. माझ्या वडिलांना मी सांगून टाकलं होतं, नोकरी बिकरी नाही, हेच. मी पेढे घेऊन दुकानात गेलो. भाऊनं एक पेढा खाल्ला, एक आपल्या वडिलांच्या फोटोजवळ ठेवला.

आणि मग आवाज गेला.

एकदम नाही गेला. उन्हाळ्यात, लोडशेडिंगमधून लाईट राहायची तेवढ्या वेळात एक-दोनदा मशीन लावली, तेव्हाच कोरडा वाटला होता. कडक, काच घासल्यासारखा, दबणं नाही न् काही नाही. भाऊ म्हणाला, "गर्मीनं होते. व्हॉल्व आधीच तापेल, त्यात हे बेचाळीस डिग्री. थंडी पडू दे, येईन परत." मला ते पटलं! पुढे माझी परीक्षा, मग पावसाळा. आम्ही खरोखर थंडीची वाट पाहत बसलो. डिप्लोमा झालेला मी आणि वीस वर्षं मशीन उघडणारा तो. दिवाळी झाली, थंडी पडली, स्वेटर निघाले. दुकानात गेलो तर गल्लीत सगळं गपगार. जिनिंग त्या वर्षी सुरूच झाली नव्हती. कापसाचं सगळंच गणित कोसळलं होतं, मालकानं कुलूप लावलं होतं, वहिनींसकट शंभरेक बाया घरी बसल्या होत्या. आणि आम्ही काय म्हणालो सांगू? मला आठवतंय, मीच म्हणालो, "बरं झालं भाऊ, आता रेकॉर्डिंगला धडधड नाही येणार." वहिनी तिथंच होत्या, शिवणयंत्राला तेल घालत होत्या.

आवाज आला नाही. मी वाजवलं, भाऊनं मान हलवली, परत वाजवलं. मग सुरू झालं ते शोधणं. व्हॉल्व म्हातारे झाले असतील म्हणून नागपूरहून दुसरे आणले. कंडेन्सर बदलले. प्रत्येक सांधा उकलून नव्यानं सोल्डर केला. स्पीकरचा कागद ओला झाला असेल, म्हणून तो बदलला. भाऊ मीटर लावून ठिकठिकाणचे व्होल्ट पाहायचा, आकडे दिसायचे, पण आधीच्या हिवाळ्यात ते किती होते? कुठं लिहिलंय? कुठंच नाही! सगळं कानानं केलेलं, सगळं डोक्यात. मी वैतागून म्हणायचो, "भाऊ, एक वही घालायची होती ना!" तो म्हणायचा, "तूबी होताच ना इथं." हेही खरंच होतं. डिसेंबर गेला, अर्धा जानेवारी गेला, स्टुडिओवाल्याचे दोन फोन येऊन गेले. मशीनमध्ये इतक्या वेळा हात घातला गेला की मूळची कोणती तार कुठं होती ते देवालाही सांगता आलं नसतं.

शेवटी एका दुपारी मी फुटलो. दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती, आतल्या दारात वहिनी. मी म्हणालो, "तुम्ही हात लावला तिथून बिघडलं. मंडपवाल्यानं खांब रोवावेत, हे तुमचं काम नव्हतंच." बोलून झाल्यावर कळलं काय बोललो ते. भाऊनं पेचकस डब्यात ठेवला, मशीनचं झाकण लावलं, चारही स्क्रू नीट आवळले आणि गिऱ्हाइकाला म्हणाला, "बोला, काय पायजे?" मी निघून आलो. स्टुडिओवाल्याला दुसऱ्या मशीनवरचा नमुना पाठवला, त्यानं उत्तरही दिलं नाही. मी केस कापले, यवतमाळला स्टॅबिलायझर-इन्व्हर्टरचं दुकान टाकलं. भाऊनं नंतर व्हॉल्वला हात लावला नाही म्हणे. डीजेचे मोठे बॉक्स घेतले. दिग्रसला कधी बाजारात दिसला तर मान हलवायचा, मीही हलवायचो. माफी मागायला मी गेलो नाही. मला मनापासून वाटत होतं की चूक त्याची आहे, मी फक्त ती जरा जोरात सांगितली.

तीन वर्षांपूर्वी कळलं. दुकानात एक मोठा स्टॅबिलायझर तपासत होतो. त्यासाठी आमच्याकडे एक गोल चाक असलेलं यंत्र असतं, चाक फिरवून लाईटचं व्होल्टेज हवं तितकं कमी-जास्त करता येतं. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नाही. हौस म्हणून घेतलेली एक व्हॉल्वची जुनी मशीन त्याच बोर्डवर लावून मी गिटार वाजवत बसलो होतो, आणि चाक खाली फिरवलेलं आहे हे विसरलो होतो. एकशे ऐंशी. जाड तारेवर हात टेकवला… तेच दबणं, तोच दाटपणा. चाक वर नेलं, दोनशे तीस, आवाज कोरडा. खाली आणलं, आवाज परत. जिनिंग! ती चालू असली की सगळी वीज ओढून घ्यायची, आमच्या गल्लीत एकशे ऐंशीच उरायची, आणि आम्ही त्या अर्धपोटी विजेवर मशीन जुळवली होती. उन्हाळ्यात हंगाम संपून जिनिंग थांबली, पुढे कायमची बंद पडली, लाईट पूर्ण आली, आवाज गेला. मशीनमध्ये कधीच काही बिघडलं नव्हतं. भाऊच्या हातून काहीच चुकलं नव्हतं. आणि मी, व्होल्टेज विकून पोट भरणारा माणूस, मला हे कळायला आठ वर्षं लागली!

आता कुणीही शहाणा माणूस काय करेल? फोन उचलेल. मी नाही उचलला. म्हटलं, हे फोनवर सांगायचं नाही, समोर बसून सांगायचं. गेलोसुद्धा, दोनदा. पहिल्यांदा गेलो तर लग्नाची ऑर्डर, टेम्पोत बॉक्स चढत होते. "बस, च्या घे," म्हणाला आणि टेम्पोत बसून गेला. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा मोकळा होता. मी स्टुलावर वीस मिनिटं बसलो. त्यानं विचारलं, "इन्व्हर्टरचा धंदा कसा काय?" मी म्हणालो, बरा आहे. पावसावर बोललो. त्याच्या धाकट्या मुलीच्या शिक्षणावर बोललो. शब्द अगदी ओठांवर होते, पण मनात एक घाणेरडी अट धरून बसलो होतो. त्यानं आधी विषय काढावा, एकदा नुसतं म्हणावं, 'त्या आवाजाचं काय झालं असन बे?' मग मी सांगणार. त्यानं विषय काढला नाही. मी एसटी पकडून परत आलो. पुढच्या वेळी सांगू, म्हटलं.

पुण्यानुमोदनानंतर महिनाभरानं वहिनींचा फोन आला. दुकान भाड्यानं द्यायचं होतं, सामान काढणं चाललं होतं, "तुमचं काई असन तं घेऊन जा." माझं तिथं काही नव्हतं. तरी गेलो, आणि गाडीत गिटार टाकली. कशाला टाकली ते मला विचारू नका. दुकान अर्धं रिकामं झालं होतं. वहिनी खाली बसून वायरी गुंडाळत होत्या. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं, सगळं, एका दमात. वहिनी, चूक भाऊची नव्हती. जिनिंगमुळे लाईट कमी होती, जिनिंग बंद पडली म्हणून आवाज गेला. मी नको ते बोललो. तीन वर्षांपासून मला माहीत आहे आणि मी सांगितलं नाही.

त्यांनी वायरीची गुंडाळी पूर्ण केली, गाठ मारली. मग म्हणाल्या, "मले माईत हाय."

"काय माहीत आहे?"

"जिनिंग बंद झाली त्याच दिवशी घरातला पंखा असा गरगर फिरू लागला का कॅलेंडर उडे. म्या म्हटलं, लाईट वाढली. पण तुमाले सांगणार कोण? आत आलं का तुमी हात करत, थांबा म्हणून." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, तेच जास्त लागलं. "त्यायले सांगतलं होतं म्या. लय दिसानं. धाकटी पाचवीत होती. जेवता जेवता निंघालं तोंडातून. ताट सोडून उठले न् दुकानात गेले."

धाकटी आता नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मी मनात वर्षं मोजली. माझ्या आधी कितीतरी वर्षं त्याला कळलेलं होतं. "मग मला का नाही सांगितलं त्यांनी?"

"म्या म्हटलं, फोन लावा त्यायले. तं म्हणे, डिप्लोमावाला हाय, समजीन त्याचं त्याले. समजलं का येईन."

वहिनी उठल्या आणि कोपऱ्यातली चादर ओढली. खाली मशीन. मी त्या दिवशी वीस मिनिटं ज्या स्टुलावर बसलो होतो, त्याच्या अगदी पायाशी. धुळीचा कणही नव्हता. "महिन्यातून एक डाव लावत होते ते," वहिनी म्हणाल्या, "कंडेन्सर मरते म्हणे नाही लावली तं." मी मागचं झाकण खोललं. आत ट्रान्सफॉर्मर नवा होता. विकतचा नाही, हातानं गुंडाळलेला, तारेच्या एकेका थरामध्ये कागद घालून, वर वॉर्निश. दिवस गेले असतील त्यात. बाहेरून पूर्ण लाईट आली तरी आत तेवढीच कमी जाईल, असं त्यानं करून ठेवलं होतं. दसरे गेले, दिवाळ्या गेल्या, मी येऊन बसून गेलो, आणि हा गडी पावसावर बोलत राहिला. अहो, हा काय माणूस झाला? आणि मी तरी काय माणूस?

गिटार काढली. मशीन लावली, व्हॉल्व लाल व्हायची वाट पाहिली. पहिला ठोका वाजवला आणि मला कळलं की तोच आहे. किंचितही कमी नाही, तोच. मी वाजवत राहिलो, किती वेळ ते सांगता येणार नाही. बोटं अडखळत होती, डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी तोंडानं त्याला शिव्या देत होतो, तो समोर बसल्यासारखा, पहिल्यांदाच 'तुम्ही' सोडून. थांबलो तेव्हा वहिनी मधल्या दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. त्या सगळं ऐकत होत्या, या वेळी मी त्यांना हात केला नव्हता.

"हाच का तो आवाज?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हणालो.

त्यांनी खाली पडलेली चादर उचलून घडी घातली. "याच्याचसाठी अबोला धरला होता का तुमी दोघायनं?"